टिपणांच्या आराखड्याचं वेबपान: सीएसएसचे नियम मराठी मजकुराला लावताना

परीक्षेच्या तयारीतली माझी राज्यघटनेची टिपणं एकाच फाइलमध्ये होती. वर भाग, त्याखाली कलमं, कलमाखाली खटले आणि घटनादुरुस्त्या, असा उतरत जाणारा आराखडा. मोबाइलवर वाचता यावा म्हणून मी त्याचं वेबपान केलं आणि अभ्यासिकेतल्या ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत मैत्रिणीचा मेसेज: ‘अगं, जीवित स्वातंत्र्य कलम १७ मध्ये कधी गेलं?’

माझ्या फाइलमध्ये २१ च लिहिलं होतं. पानावर १७ दिसत होतं. शिवाय ओळी एकमेकींवर चढलेल्या, सगळी शीर्षकं एकाच मापाची, आणि प्रिंट काढली तेव्हा हव्या त्या चौकटी गायब. पुढचे दोन आठवडे अभ्यास कमी आणि सीएसएस, म्हणजे वेबपान कसं दिसावं ते सांगणारे नियम, जास्त झालं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एक खुलासा. या लेखात आज्ञा, टॅग (पानावरच्या प्रत्येक घटकाची खूण) आणि गुणधर्म यांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची. लाइन-हाइट म्हटलं की मधली आडवी रेघ धरून, सगळी लहान अक्षरं.

काय काय लागेल

- आराखड्याची फाइल. मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरात चिन्हं टाकून शीर्षकं आणि याद्या दाखवायची पद्धत, असेल तर उत्तम. ऑर्ग-मोड किंवा ओपीएमएल या आराखड्याच्या दुसऱ्या प्रकारातली असली तरी चालते. आउटलाइनर अ‍ॅप वापरत असाल तर ते बहुधा ओपीएमएलमध्ये निर्यात करून देतं.
- पॅनडॉक. एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणारा हा मोफत प्रोग्रॅम बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये सुरू केला. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो.
- साधा टेक्स्ट एडिटर. नोटपॅडही चालेल, पण रंगीत कोड दाखवणारा घ्या. चूक लवकर दिसते.
- क्रोम किंवा फायरफॉक्स, लॅपटॉपवरचा. मोबाइलवर तपासणी करायला जागा नाही.
- कीबोर्ड मराठी-इंग्रजी पटकन बदलायची सवय. हे वाचून हसू आलं असेल, तर तिसऱ्या पायरीपर्यंत थांबा.

१. आराखडा आधी सरळ करा

सीएसएस मजकूर वाचत नाही, रचना वाचतं. तुम्ही एखादी ओळ नुसती ठळक केली आणि मनात तिला शीर्षक मानलं, तरी ब्राउझरच्या लेखी तो परिच्छेदातला ठळक मजकूर असतो. माझ्या फाइलमध्ये निम्मी शीर्षकं अशी ‘ठळक’ होती. त्यांना कुठलाच नियम लागेना, अनुक्रमणिकेतही ती येईनात. म्हणून पहिलं काम हे की प्रत्येक शीर्षकापुढे हॅशचं चिन्ह हवं. मोठ्या विभागाला एक, त्याखालच्याला दोन, असं.

हॅशनंतर एक जागा सोडा आणि शीर्षकाच्या आधी एक ओळ रिकामी ठेवा. पॅनडॉकच्या मार्कडाउनमध्ये ही रिकामी ओळ नसेल तर हॅश शीर्षक न होता आधीच्या परिच्छेदात शिरतो. यादीचंही तसंच. परिच्छेदाला चिकटून यादी सुरू केलीत तर ती यादी होत नाही, सगळे मुद्दे एका ओळीत सलग वाहतात.

पातळी गाळू नका. एका हॅशखाली थेट तीन हॅश ‘दिसायला बरं’ म्हणून देऊ नका. दिसण्याचं काम सीएसएसचं आहे. आणि एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहिलेलं असतं तिच्यात, शीर्षकाच्या पायऱ्या सहाच आहेत, एच-वन ते एच-सिक्स. आराखडा त्याहून खोल गेला तर खालचे मुद्दे साधे परिच्छेद होऊन उतरतात. खरं सांगायचं तर चौथ्या पातळीनंतर वाचणाराही हरवतो. तिथून पुढे यादी करा.

डीटीपीवाल्याकडून आलेला जुना मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये आहे ना, बघा. जुन्या फॉन्टमधला मजकूर त्या फॉन्टपुरताच मराठी असतो. तो काढला की मागे रोमन अक्षरांची खिचडी उरते. तिला सीएसएसने काही करता येत नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग एकदा डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि जोडाक्षरं या बदलात हमखास इकडची तिकडे होतात. फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. पॅनडॉकला तेच लागतं.

२. रूपांतर: आज्ञेत काय काय द्यायचं

फाइलच्या अगदी वर तीन डॅशची एक ओळ, मग माहिती, मग पुन्हा तीन डॅशची ओळ. मधल्या माहितीत दोन गोष्टी हव्यातच: टायटल आणि लँग. लँगपुढे मराठीचा संकेत म्हणजे एम-आर लिहा. टायटलमध्ये विसर्गासारखं दिसणारं अपूर्णविराम चिन्ह येत असेल, म्हणजे ‘भाग ३: मूलभूत हक्क’ असं काही, तर पूर्ण टायटल अवतरणात घाला. नाहीतर पॅनडॉक तिथेच अडतो आणि जो संदेश देतो त्यावरून चूक कुठे आहे हे नवख्याला कळत नाही.

आता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आज्ञा. आधी पॅनडॉक, मग तुमच्या फाइलचं नाव, मग दोन-दोन डॅश लावून हे पर्याय:

- स्टँडअलोन: पूर्ण पान बनवतो. हा विसरलात तर पानाला डोकंच नसतं, म्हणजे सीएसएसची जोडणीही नसते.
- सीएसएस: पुढे बरोबरचं चिन्ह आणि तुमच्या नियमांच्या फाइलचं नाव.
- टीओसी: अनुक्रमणिका. टीओसी-डेप्थ दोन ठेवा. खोलवरची कलमं अनुक्रमणिकेत आली की ती पानाहून लांब होते.
- सेक्शन-डिव्ह्ज: प्रत्येक शीर्षक आणि त्याखालचा मजकूर एका सेक्शन टॅगमध्ये गुंडाळतो. त्यामुळे ‘या भागातलं सगळं’ असं म्हणून नियम लावता येतो.
- शिफ्ट-हेडिंग-लेव्हल-बाय, बरोबर १: पानाचं टायटल एच-वन असतं. तुमचा एक हॅशही एच-वनच होतो आणि दोघांना एकच कपडे चढतात. या पर्यायाने तुमची शीर्षकं एकेक पायरी खाली सरकतात.

शेवटी आउटपुटचा पर्याय आणि नव्या फाइलचं नाव. ही आज्ञा एका मजकूर फाइलमध्ये जपून ठेवा. रोज आठवून टाइप करण्यात एक पर्याय गळतोच.

सुरुवातीला मला बुचकळ्यात टाकणारी एक गोष्ट सांगते. सीएसएस न देता रूपांतर केलंत तर पान बरं दिसतं, मधोमध आणि बेताच्या रुंदीचं. मग तुम्ही स्वतःची, दोनच नियमांची फाइल जोडता आणि पान एकदम उघडंबोडकं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुमच्या नियमांनी काही बिघडवलेलं नाही. पॅनडॉक आपले ठरलेले नियम तुमची फाइल नसतानाच घालतो, तुमची आली की तो बाजूला होतो. ते नियमही हवे असतील तर वरच्या माहितीत डॉक्युमेंट-सीएसएस ट्रू करा. मी करत नाही. ते रोमन लिपीच्या मापाने बेतलेले आहेत.

३. पहिले नियम: बॉडीचे

सीएसएसचा नियम म्हणजे ‘कुणाला’ आणि ‘काय’. आधी टॅगचं नाव, मग महिरपी कंसात गुणधर्म, अपूर्णविराम, किंमत, अर्धविराम. एकदा हा साचा हाताला बसला की बाकी सगळं शब्दसंग्रह आहे. पण मराठी टायपिंग करणाऱ्याला या साच्यात दोन खड्डे आहेत, आणि ते इंग्रजी धड्यांत कुणी सांगत नाही.

पहिला खड्डा विसर्गाचा. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि अपूर्णविरामाऐवजी विसर्ग पडला, तर डोळ्यांना फरक दिसत नाही. दोन टिंबं तीच. ब्राउझर तो गुणधर्म मुकाट्याने सोडून देतो, कुठलीही तक्रार न करता. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. दुसरा खड्डा आकड्यांचा. किंमत १८ असं देवनागरीत लिहिलंत की ती बाद. सीएसएसमधला प्रत्येक आकडा इंग्रजी हवा, पानावर काहीही दिसायचं असो.

आता बॉडीसाठी चार गोष्टी:

- मॅक्स-विड्थ ३८ ईएम (ईएम म्हणजे अक्षराच्या मापाइतकं एकक) आणि मार्जिन ऑटो. ओळ लांबली की डोळा पुढच्या ओळीवर चुकीच्या जागी उतरतो.
- पॅडिंग १ ईएम. हे नसेल तर मोबाइलवर अक्षरं काचेच्या कडेला चिकटतात.
- फॉन्ट-फॅमिली. एकच नाव देऊन थांबू नका, रांग द्या: मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी, विंडोजसाठी निर्मला यूआय, अ‍ॅपलसाठी कोहिनूर देवनागरी, शेवटी सॅन्स-सेरिफ. ब्राउझर रांगेतला जो पहिला सापडेल तो घेतो. मुक्ता मुंबईच्या एक टाइपने केलेला आहे, मोफत आहे, आणि बारीक मापातही त्याची जोडाक्षरं गिचमिड होत नाहीत. छापील पुस्तकासारखं वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा.
- लाइन-हाइट १.७, एकक न लावता.

लाइन-हाइटवर जरा थांबते. इंग्रजी पानांवरून नियम उचलले की त्यांच्यासोबत १.४ किंवा त्याहून कमी लाइन-हाइट येते. रोमन अक्षराला ती पुरते. आपल्या अक्षराला वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, हलन्त असा दुमजली संसार असतो. तपासायला मी ‘वर्षांपूर्वी’ हा शब्द एकाखाली एक चार ओळी लिहून बघते. पूच्या उकाराचं टोक खालच्या ओळीतल्या रफाराला लागत असेल तर अंतर वाढवा. १.६ च्या खाली मी कधीच जात नाही. एकक का लावायचं नाही? पिक्सेलमध्ये अंतर बांधून टाकलंत तर मोठ्या शीर्षकालाही तेवढंच मिळतं आणि दोन ओळींचं शीर्षक एकमेकांत घुसतं.

लँग एम-आर दिल्याचा फायदाही इथेच दिसतो. ज्या फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी वळणाची ल आणि श वेगवेगळी दिलेली असतात, तिथे ब्राउझर भाषा बघून वळण निवडतो. भाषा सांगितली नाहीत तर हिंदी वळणाचा ल येतो. अनेकांना ते जाणवत नाही. मला शाळेतल्या फळ्यापासून ते खुपतं.

४. आकडे: कुठला तुमचा, कुठला सीएसएसचा

आता त्या कलम १७ कडे येऊ. माझ्या फाइलमध्ये एकाखाली एक अशा ओळी होत्या. इंग्रजी आकड्यात १४ आणि टिंब, कायद्यापुढे समानता. १७ आणि टिंब, अस्पृश्यता नष्ट करणे. १९, भाषण-स्वातंत्र्य इत्यादी. २१, जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य. ३२, घटनात्मक उपाययोजना.

आकडा आणि टिंब दिसलं की मार्कडाउन त्याला क्रमांकांची यादी समजतं. यादी कुठून सुरू करायची ते पहिल्या आकड्यावरून घेतं, म्हणजे १४. पुढचे आकडे वाचतच नाही, स्वतः मोजतं. म्हणून पानावर १४, १५, १६, १७, १८ असं आलं. अस्पृश्यता कलम १५, जीवित स्वातंत्र्य कलम १७, आणि डॉ. आंबेडकरांनी ज्याला संविधानाचा आत्मा म्हटलं ते कलम ३२ जाऊन बसलं किताबांच्या कलम १८ वर. यात सगळ्यात वाईट हे की पान नीटनेटकं दिसतं. चूक चूक वाटतच नाही.

तेच आकडे देवनागरीत लिहिले तर उलटं होतं. १४ आणि टिंब याला मार्कडाउन यादी मानतच नाही, मग सगळ्या ओळी एका परिच्छेदात चिकटतात.

यावरून मी स्वतःपुरता एक निकष ठरवला. आकडा बदलला तर अर्थ बदलतो का? कलम, अनुसूची, घटनादुरुस्ती, साल, भाग: हे आकडे मजकूर आहेत, ते हातानेच लिहायचे आणि कुठल्याही यादीच्या तावडीत द्यायचे नाहीत. आकडा फक्त जागा दाखवत असेल, उद्या मध्ये एक मुद्दा घातल्यावर पुढे सरकला तरी चालणार असेल, तर तो हाताने लिहायचाच नाही, सीएसएसला द्यायचा.

कलमांसाठी पॅनडॉकची व्याख्या-यादी वापरा. एका ओळीवर ‘कलम २१’, खालच्या ओळीवर अपूर्णविराम (विसर्ग नव्हे!), थोडी जागा आणि मजकूर. याचे डीएल, डीटी, डीडी असे टॅग होतात. मग सीएसएसमध्ये डीएलला डिस्प्ले ग्रिड आणि दोन रकाने: पहिला ६ ईएम, दुसरा १ एफआर, म्हणजे उरलेली सगळी जागा. डीटीला ग्रिड-कॉलम १, डीडीला ग्रिड-कॉलम २ आणि मार्जिन शून्य. डावीकडे कलमांचा सरळ स्तंभ, उजवीकडे मजकूर. उजळणी करताना उजवा भाग हाताने झाकता येतो, हा मला नंतर कळलेला फायदा. ग्रिड-कॉलम स्पष्ट सांगायला विसरू नका. २१ खाली २१-क चं टिपण म्हणून दुसरा डीडी दिलात की तो नाहीतर डाव्या रकान्यात जाऊन बसतो.

आता दुसऱ्या प्रकारचे आकडे. महाराष्ट्राच्या भूगोलाची माझी फाइल घ्या. प्राकृतिक रचना, त्यात कोकण, सह्याद्री, दख्खनचं पठार. मग नदीप्रणाली, त्यात गोदावरी, भीमा-कृष्णा, तापी-पूर्णा. इथे १, १.१, १.२ हे आकडे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाहीत. पॅनडॉकचा नंबर-सेक्शन्स हा पर्याय ते घालतो, पण इंग्रजी आकड्यांत. मराठी आकडे हवेत तर सीएसएसचे काउंटर, म्हणजे आपोआप मोजणारे आकडे, वापरा:

- बॉडीला: काउंटर-रीसेट, नाव ‘प्रकरण’.
- एच-टूला: काउंटर-इन्क्रिमेंट ‘प्रकरण’, आणि काउंटर-रीसेट ‘मुद्दा’.
- एच-थ्रीला: काउंटर-इन्क्रिमेंट ‘मुद्दा’.
- एच-टूच्या बिफोरला (म्हणजे शीर्षकाच्या आधी सीएसएसने घातलेल्या मजकुराला): कंटेंट म्हणजे ‘प्रकरण’ हा काउंटर, देवनागरी शैलीत, पुढे अवतरणात टिंब आणि एक जागा.
- एच-थ्रीच्या बिफोरला: ‘प्रकरण’, टिंब, ‘मुद्दा’, दोन्ही देवनागरी शैलीत.

देवनागरी हा शब्द इथे सीएसएसमधली तयार किंमत आहे. काउंटरच्या कंसात नावानंतर स्वल्पविराम देऊन रोमन लिपीत तो लिहिला की आकडे १, २, ३ असे येतात. साध्या क्रमांकित यादीलाही हेच: ओएलला लिस्ट-स्टाइल-टाइप देवनागरी. काउंटरची नावं मात्र तुम्ही ‘प्रकरण’, ‘मुद्दा’ अशी मराठीत ठेवलीत तरी ब्राउझरला चालतात. या अख्ख्या फाइलमध्ये मराठी कीबोर्ड लावायची परवानगी फक्त इथे.

आकडे बिघडले तर लक्षणावरून निदान करता येतं. नदीप्रणालीत गोदावरीला २.४ आला, म्हणजे आधीचे तीन मुद्दे मोजणीत तसेच राहिले, ‘मुद्दा’चा रीसेट एच-टूऐवजी बॉडीवर लिहिलाय. सगळ्याच मुद्द्यांना १ लागला, म्हणजे तो रीसेट सुटलाय, किंवा चुकून एच-थ्रीवर लिहिलाय.

एक तोटा सांगायला हवा. काउंटरचे आकडे पानावर दिसतात, पण मजकुरात नसतात. ते निवडता येत नाहीत, कॉपी होत नाहीत, पानात ‘२.३’ शोधलं तर सापडत नाही. ज्या ग्रुपमध्ये ‘२.३ बघ’ अशी बोलणी चालतात तिथे हा त्रास होतो. अनुक्रमणिकेतही हे आकडे आपोआप येत नाहीत, तिथल्या यादीला वेगळा काउंटर लावावा लागतो.

५. शीर्षकं आणि ठळकपणा

इथे फार वेळ घालवू नका. तीन पातळ्या लांबून ओळखू आल्या की झालं. मी एच-टूला १.५ ईएम आणि खाली बारीक रेघ, एच-थ्रीला १.२ ईएम, एच-फोरला मापात फरक न करता नुसता ठळकपणा देते. शीर्षकाच्या वर जागा जास्त, खाली कमी, म्हणजे ते आपल्या मजकुराला चिकटून दिसतं.

टाळायच्या गोष्टी मात्र पक्क्या आहेत. लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिरपा ठसा आपल्या बहुतेक फॉन्टमध्ये मुळात नसतोच. ब्राउझर उभी अक्षरं ढकलून तिरपी करतो. मार्कडाउनमध्ये एका तारांकनाने दिलेला भर इएम टॅग होतो, त्याला फॉन्ट-स्टाइल नॉर्मल आणि वेगळा रंग द्या. दुव्याखालची रेघ उकाराला भिडते, तिला टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट ०.२५ ईएम देऊन खाली ढकला.

कुणाला एखाद्या शीर्षकाचा दुवा पाठवायचा असेल तर त्या शीर्षकापुढे महिरपी कंसात हॅश लावून स्वतःची ओळख लिहा, रोमन अक्षरांत. नाही लिहिलीत तर पॅनडॉक शीर्षकातल्या शब्दांवरूनच ती बनवतो, आणि उद्या शीर्षकातला शब्द बदललात की जुना दुवा मेला.

६. नियम लागत नसेल तर

या क्रमाने बघा. फाइल जतन केली का. पान कंट्रोल आणि एफ-५ ने ताजं केलं का, कारण ब्राउझर जुनी सीएसएस धरून बसतो. आधीच्या ओळीचा अर्धविराम सुटला का, तसं असेल तर ती ओळ आणि खालची ओळ दोन्ही जातात.

तरी नाही, तर त्या ओळीवर राइट-क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा. उजवीकडे त्या घटकाला लागणारे सगळे नियम दिसतात. काट मारलेला आणि शेजारी इशाऱ्याचा त्रिकोण असलेला नियम म्हणजे लिहिण्यातच चूक, बहुधा विसर्ग किंवा मराठी आकडा. नुसती काट असेल तर दुसऱ्या नियमाने त्याला हरवलंय. टॅगपेक्षा क्लास (अनेक घटकांना दिलेलं सामायिक नाव) भारी, क्लासपेक्षा आयडी (एकाच घटकाचं नाव) भारी, बरोबरीत असतील तर नंतर लिहिलेला जिंकतो. आणि नियम तिथे दिसतच नसेल तर टॅगचं नाव चुकलंय. उदाहरणार्थ अनुक्रमणिकेचा आयडी टीओसी हा तिन्ही मोठ्या अक्षरांत असतो. लहान अक्षरांत लिहिलात तर लागत नाही.

याद्यांमधलं अंतर कुठे जास्त, कुठे कमी दिसत असेल तर सीएसएसला बोल लावू नका. मार्कडाउनमध्ये दोन मुद्द्यांमध्ये रिकामी ओळ सोडली की त्या यादीतल्या मुद्द्यांना परिच्छेदाचा टॅग मिळतो आणि त्याचं अंतरही. एक तर सगळीकडे ओळ सोडा, नाहीतर कुठेच नको.

७. दुसऱ्यांना पाठवताना

एकटी एचटीएमएल फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलीत तर समोरच्याला नियमांविना पान दिसतं, कारण सीएसएसची फाइल तुमच्याच लॅपटॉपवर राहिली. पाठवायच्या प्रतीसाठी आज्ञेत एम्बेड-रिसोर्सेस हा पर्याय जोडा, सीएसएस आणि चित्रं पानाच्या आतच बसतात. वेबफॉन्ट जोडला असेल तर तोही आत जातो आणि फाइल फुगते. मी फॉन्ट घालत नाही. आजच्या फोनमध्ये देवनागरी असतेच, म्हणूनच ती फॉन्टची रांग दिली होती.

८. झेरॉक्सच्या दुकानात जाण्याआधी

छपाईचे नियम मीडिया प्रिंट या वेगळ्या कप्प्यात लिहा: अनुक्रमणिकेला डिस्प्ले नन, बॉडीची मॅक्स-विड्थ नन, अक्षर ११ पीटी, शीर्षकांना ब्रेक-आफ्टर अव्हॉइड म्हणजे शीर्षक पानाच्या तळाशी एकटं लटकत नाही. डीडीला ब्रेक-इन्साइड अव्हॉइड दिलंत तर एक कलम दोन पानांत चिरलं जात नाही.

माझ्या चौकटी गायब झाल्या होत्या त्या पार्श्वभूमीच्या रंगाच्या होत्या. ब्राउझर छापताना पार्श्वभूमी गाळतो, ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’वर खूण केली तरच छापतो. आणि ती खूण दुकानातला माणूस करत नाही, त्याच्यामागे रांग असते. शिवाय तिथे काळी-पांढरी प्रत निघते, म्हणजे तुमचा लाल आणि हिरवा दोन्ही एकच राखाडी. महत्त्वाच्या मुद्द्याला रंगाऐवजी डावीकडे जाड बॉर्डर द्या, ती छापली जातेच.

दुकानात एचटीएमएल नेऊ नका. घरीच प्रिंटमध्ये जाऊन ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ करा, कागद ए-४, ‘हेडर्स अँड फुटर्स’ची खूण काढून, नाहीतर प्रत्येक पानाच्या वर तारीख आणि खाली तुमच्या फोल्डरचा पत्ता छापून येतो. पीडीएफमध्ये आधी कलमांची पानं उघडा आणि २१ च्या शेजारी जीवित स्वातंत्र्यच आहे ना, तेवढं बघून घ्या.